पिकअप हवा, पण बेल्ट जळायला नको
एटीव्हीच्या क्लच स्प्रिंगा निवडताना आणि बसवताना

एटीव्ही वाळूत, चिखलात किंवा चढावर उभी असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी जागची हलायला ती वेळ घेते, आणि एकदा वेग धरला की तीच गाडी छान पळते. फार्महाऊसवाल्यांपासून भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांपर्यंत अनेकांची ही तक्रार असते. तिचा अर्थ असा, की इंजिनात दम आहे, पण तो चाकापर्यंत वेळेवर पोचत नाही. मग कुणीतरी सांगतं, "कडक स्प्रिंग टाका, गाडी उडेल." हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कोणती स्प्रिंग, किती कडक आणि कशासाठी, हे न ठरवता खर्च केला तर पिकअपच्या आधी जळक्या रबराचा वास मिळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. स्प्रिंगमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. असलेली ताकद कोणत्या आरपीएमला चाकाकडे सोडायची, एवढंच स्प्रिंग ठरवते. इंजिन चार-पाच हजार आरपीएमला खरा जोर लावत असेल आणि क्लच अडीच हजारालाच धरत असेल, तर सुटताना गाडी मरगळलेलीच वाटणार. तिथे कडक स्प्रिंगचा नक्की फायदा होतो. क्लच आधीच योग्य जागी धरत असेल, तर मात्र कडक स्प्रिंगेने फक्त घसरण वाढते.

तुमच्या गाडीत कोणता क्लच आहे?

'क्लच स्प्रिंग' म्हटलं की दुकानदार वेगवेगळ्या वस्तू पुढे ठेवू शकतो. म्हणून आधी गाडी ओळखा.

पहिला प्रकार छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांचा. मूळ होंडाच्या रचनेवरून तैवान आणि चीनमध्ये बनू लागलेलं १५० सीसीचं 'जीवाय-सिक्स' इंजिन यांत सर्रास आढळतं. पुढे व्हेरिएटर, मधे रबरी बेल्ट, मागे पुली आणि तिच्यावर सेंट्रिफ्युगल क्लच, अशी ही मांडणी. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडापासून आजच्या ॲक्टिव्हापर्यंत बिनगिअरच्या स्कूटर याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे स्कूटरचा क्लच उघडणारा चांगला मेकॅनिक ही गाडीही समजून घेऊ शकतो. इथे स्प्रिंगा दोन जागी असतात: क्लच शूच्या तीन छोट्या आणि मागच्या पुलीवरची एक मोठी काँट्रा स्प्रिंग.

दुसरा प्रकार पोलारिस स्पोर्ट्समनसारख्या मोठ्या गाड्यांचा. मिनेसोटातल्या या कंपनीने १९८५ मध्ये आपली पहिली एटीव्ही आणली आणि स्नोमोबाईलवरचा बेल्टचा अनुभव तिच्यात वापरला. यातल्या बहुतेक मॉडेलांत वेगळे क्लच शू नसतात. क्रँकवरचा पुढचा क्लचच बेल्ट धरतो आणि सोडतो. त्यात प्रायमरी स्प्रिंग असते आणि मागच्या क्लचमध्ये सेकंडरी. यामाहा ग्रिझलीची रचना आणखी वेगळी आहे. तिचा बेल्ट कायम ताणलेला असतो आणि पकडण्याचं काम तेलात चालणारा सेंट्रिफ्युगल क्लच करतो. म्हणून पोलारिसचा नुस्खा ग्रिझलीला जसाच्या तसा लागू करू नका.

तिसरा प्रकार हाताने क्लच दाबायच्या स्पोर्ट गाड्यांचा, उदाहरणार्थ यामाहा राप्टर ७००. इथल्या स्प्रिंगा क्लच प्लेटा एकमेकींवर दाबून धरतात. क्लच घसरत असेल तरच कडक स्प्रिंगा कामाच्या. घसरत नसेल तर लिव्हर जड होण्यापलीकडे त्यांनी काहीही बदलत नाही. या गाडीला सुटताना जोर हवा असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करा. राप्टरला मूळचे पुढे १४ आणि मागे ३८ दात असतात. पुढे १३ दातांचं स्प्रॉकेट घातलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा ओढा साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. टॉप स्पीड त्याच प्रमाणात उतरतो.

नवी स्प्रिंग घेण्याआधी हे तपासा

मंद सुटणाऱ्या अनेक गाड्यांत स्प्रिंगेचा दोषच नसतो. झिजलेल्या भागांवर कडक स्प्रिंग बसवणं म्हणजे मूळ बिघाड झाकून ठेवणं.

सुरुवात हवेपासून करा. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी, अनेक गाड्यांत ४ ते ७ पीएसआयच्या दरम्यान असते. बरोबर आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. त्याहून कमी हवा असलेला टायर कडक जमिनीवर इंजिनाचा जोर खातो. मग चारही चाकं उचलून हाताने फिरवून पाहा. ब्रेक चिकटलेला असेल तर लगेच कळतं. किनाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर तर बारीक वाळूने भरलेलाच सापडतो.

यानंतर बेल्टचं कव्हर उघडा. व्हर्नियरने बेल्टची रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. रुंदी कमी झालेला बेल्ट पुढच्या पुलीत वर बसत नाही आणि मागच्या पुलीतही खाली उतरतो, म्हणजे गिअरचं प्रमाणच बिघडतं. व्हेरिएटरमधले रोलर बाहेर काढून सपाट पृष्ठभागावर घरंगळू द्या. एका बाजूने चपटे झालेले रोलर अडखळत जातात. असे रोलर आत सरकण्याऐवजी अडकतात. क्लच शू काचेसारखे गुळगुळीत झाले असतील किंवा क्लचची बेल, म्हणजे शू ज्याला आतून टेकतात तो डबा, निळी पडली असेल, तर क्लच आधीपासूनच घसरतोय हे नक्की.

मोठे टायर बसवलेत का, तेही आठवा. २५ इंचीच्या जागी २७ इंची टायर घातले की गिअरिंग ८ टक्क्यांनी लांब होतं आणि सुटताना तेवढाच जोर कमी पडतो. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. अलिबागला ठीक चालणारी गाडी महाबळेश्वरच्या १,३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर सुस्त वाटते, ती यामुळेच.

छोट्या गाडीत तीन भागांची तीन कामं

क्लच शूच्या तीन स्प्रिंगा फक्त गाडी सुटण्याचा क्षण ठरवतात. इंजिन फिरू लागलं की शू बाहेर फेकले जातात आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. स्प्रिंग जितकी कडक, तितक्या वरच्या आरपीएमला शू बेलला टेकतात. हा बाहेर फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे स्प्रिंगेचा ताण दीडपट केला तरी धरण्याचे आरपीएम २२ टक्क्यांच्या आसपासच वाढतात. २,५०० ला धरणारा क्लच तेव्हा ३,००० च्या थोडं वर धरेल.

बाजारात या स्प्रिंगा १०००, १५०० आणि २००० या नावांनी मिळतात. त्या आकड्याला तुमच्या गाडीचा आरपीएम समजू नका, ती फक्त कडकपणाची पायरी आहे. रंगावरही जाऊ नका. एका कंपनीची लाल स्प्रिंग दुसरीच्या पिवळीपेक्षा मऊ असू शकते. मूळ इंजिनाला १००० ची पायरी पुरते. इंजिनाची ताकद मुळातून वाढवली असेल तरच १५०० चा विचार करा. २००० च्या स्प्रिंगा शर्यतीच्या इंजिनासाठी सोडून द्या.

काँट्रा स्प्रिंग मागच्या पुलीच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून ठेवते. ती कडक केली की बेल्ट मागे वरच्या घेरावर जास्त वेळ राहतो, म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते. चढ लागला किंवा मागे माणूस बसला की प्रमाणही लवकर खाली येतं. वेग पकडलेली गाडी चढावर मरत असेल, तर उपाय या स्प्रिंगेत आहे. पण तिच्यामुळे बेल्टवरचा दाब वाढतो, उष्णता वाढते, आणि पुढचा व्हेरिएटर तिच्यावर मात करू शकला नाही तर टॉप स्पीड जातो. इथेही एकच पायरी वर जा.

तिसरा भाग रोलर. त्यांना स्प्रिंग म्हणत नाहीत, पण याच हिशोबात ते येतात, आणि बहुतेक गाड्यांत सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त फरक तेच पाडतात. हलके रोलर व्हेरिएटरला उशिरा बंद होऊ देतात आणि इंजिन जोराच्या आरपीएमवर टिकून राहतं. जीवाय-सिक्स १५० मध्ये १८ बाय १४ मिलिमीटरचे सहा रोलर असतात. मूळ १२ ग्रॅमचे असतील तर आधी ११ ग्रॅमचे लावून बघा. मधलं वजन हवं असेल तर तीन ११ चे आणि तीन १० चे एक सोडून एक बसवा, सरासरी साडेदहा होते. एकाच बाजूला हलके रोलर एकत्र आले तर व्हेरिएटर थरथरेल.

या तिन्हींमधून माझा सल्ला असा. वाळूत चालण्याच्या वेगाने रांगणाऱ्या किंवा शेतात सामान ओढणाऱ्या गाडीला कडक शू-स्प्रिंगा लावू नका. त्या वेगात क्लच पूर्ण लागतच नाही, तो घसरत राहतो. स्प्रिंग कडक केली की घसरण आणखी वाढते आणि बेल जळते. अशा गाडीला हलके रोलर आणि गरज पडलीच तर एक पायरी कडक काँट्रा द्या. शू-स्प्रिंगा कडक करायच्या त्या थांबून झपकन सुटायचं असेल तेव्हाच: ट्रॅकवर, टणक मातीत, हलक्या गाडीत.

पोलारिसच्या स्प्रिंगेवरचे दोन आकडे

मोठ्या गाडीच्या प्रायमरी स्प्रिंगेवर १२०/३४० असे दोन आकडे असतात. दोन्ही पौंडांत आहेत. पहिला आकडा बसवलेल्या अवस्थेतला जोर दाखवतो, आणि क्लच बेल्टला कधी धरणार हे त्यावरून ठरतं. दुसरा आकडा पूर्ण दाबल्यावरचा जोर, त्यावरून वरच्या वेगातले आरपीएम ठरतात. हे कळलं की खरेदी सोपी होते. फक्त सुटताना जोर हवा असेल तर पहिला आकडा थोडा जास्त आणि दुसरा जवळपास तोच असलेली स्प्रिंग शोधा. दोन्ही आकडे वाढले की वरही इंजिन ओरडत राहणार. पहिला आकडा फार वाढवला तर गाडी धक्का देऊन सुटते, आणि झाडाच्या मुळांवरून किंवा दगडांतून हळू नेताना बेल्ट जळतो.

इथे रोलरचं काम आतली वजनं करतात. हलक्या वजनांनी आरपीएम चढतात, जड वजनांनी उतरतात. मागच्या क्लचची सेकंडरी स्प्रिंग आणि तिरक्या उतरणीचा भाग, म्हणजे हेलिक्स, मिळून काँट्राचं काम पार पाडतात. मोठे टायर बसवलेल्या गाडीत नुसती प्रायमरी स्प्रिंग बदलून क्वचितच भागतं. स्प्रिंग आणि वजनं यांचा जुळवलेला संच घेणं शहाणपणाचं. अमेरिकेतली ईपीआय आणि कॅनडातली डाल्टन या कंपन्या गाडीचं मॉडेल, टायरचा आकार आणि उंची पाहून असे संच देतात. ही तिन्ही उत्तरं तुमच्याकडे नसतील तर ऑर्डर देऊ नका.

आणि ज्या गाडीला हाय आणि लो असे गिअर आहेत, तिथे पहिला उपाय फुकटचा आहे. ओझं ओढताना, चिखलात किंवा उभ्या चढावर लो वापरा. हायमध्ये रांगत नेलेल्या गाडीचा बेल्ट कोणतीही स्प्रिंग वाचवू शकत नाही.

बसवताना

इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, प्लगची टोपी सैल करा. कव्हर काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. क्लच शूच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि नंतर ब्रेक क्लीनर मारा. जुळणीचा एक फोटो प्रत्येक टप्प्यावर काढून ठेवा.

नट सोडवताना व्हेरिएटरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवण्याची सवय अनेकांना असते. पाती तुटतात आणि बेल्टला मिळणारी हवा कमी होते. पुली धरायचं हत्यार किंवा इम्पॅक्ट गन वापरा.

मागचा मोठा पातळ नट सोडताना सावध राहा. त्याखाली काँट्रा स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला स्प्रिंग दाबायच्या हत्यारात किंवा दुसऱ्या माणसाच्या हातांनी पक्कं दाबून मगच नट पूर्ण काढा. तोंड बाजूला ठेवा, चष्मा घाला. पुलीच्या तिरक्या खाचा आणि पिना साफ करून थोडंच ग्रीस लावा. जास्तीचं ग्रीस बेल्टवर आलं की नवी स्प्रिंग असूनही बेल्ट घसरतो.

शूच्या तिन्ही स्प्रिंगा एकाच वेळी आणि एकाच संचातल्या बदला. मूळ स्प्रिंगेचा हूक ज्या दिशेने होता त्याच दिशेने नवा अडकवा. शूची चमक आणि बेलचा आतला भाग १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा घासून घ्या.

आता सर्वांत नाजूक जागा. पुढची पुली बसवताना बेल्ट तिच्या दोन भागांच्या फटीत चेपला जाऊ शकतो. तसं झालं तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण त्याने पुली न आवळता बेल्टच आवळलेला असतो. थोडं चाललं की बेल्ट जागेवर येतो, नट ढिला पडतो आणि क्रँकच्या दात्यांचं नुकसान होतं. हे टाळण्यासाठी मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढे बेल्टला ढील मिळते. मग पुढची पुली लावा, बाहेरचा भाग हाताने हलवून तो बुशला टेकलाय याची खात्री करा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. शेवटी मागची पुली हाताने फिरवून बेल्ट वर आणा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा.

नवा बेल्ट किंवा शू घातले असतील तर पहिले ५० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर टाळा.

फरक मोजा, मग पुढचा बदल करा

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, रोलर आणि काँट्रा एकदम बदलले तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर घ्या. तोच चालवणारा, तीच जागा, टायरमध्ये तीच हवा आणि तापलेलं इंजिन घेऊन थांबलेल्या अवस्थेतून ५० मीटर जा, मोबाइलवर चित्रीकरण करा. प्रत्येक बदलानंतर हे तीनदा करून सरासरी काढा.

बेल्ट पूर्ण सरकतोय का हे पाहायला मार्कर पुरतो. पुढच्या पुलीच्या आतल्या बाजूवर मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढा, मोकळ्या जागेत पूर्ण वेगाने एक फेरी मारा आणि कव्हर उघडा. रेघ जिथपर्यंत पुसली गेली, तिथपर्यंत बेल्ट चढला. कडेपाशी रेघ तशीच राहिली असेल तर रोलर फार हलके आहेत किंवा काँट्रा फार कडक आहे.

गाडी स्वतःच बरंच सांगते. सुटताना थरथर असेल तर शूवर चमक चढलीये किंवा तिन्ही स्प्रिंगा सारख्या नाहीत. इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर रोलर एक पायरी जड करा. रिकामी गाडी झपकन सुटते पण दोन माणसं बसली की बसते, तर काँट्रा पाहा. रबराचा वास आला किंवा बेल निळी दिसली, तर क्लच घसरतोय. गाडी थांबवा आणि एक पायरी मऊ स्प्रिंग घाला.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको

शू-स्प्रिंगा कडक केल्या की क्लच वरच्या आरपीएमला धरतो आणि वरच्याच आरपीएमला सुटतो. उतारावर हळू येताना इंजिनाचा ब्रेक लवकर सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. म्हणून बदल केल्यावर आधी सौम्य उतारावर ब्रेकची सवय करून घ्या. डोंगराळ जागेत ब्रेकपॅड नवे असल्याशिवाय ही स्प्रिंग लावूच नका.

लहान मुलांच्या गाडीत किंवा पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीत कडक शू-स्प्रिंगा घालू नका. नवशिक्या हाताखाली अचानक उचलणारी गाडी पुढून वर उठते आणि उलटते. तिथे गाडी हळुवार सुटणं हाच गुण आहे. हेल्मेट प्रत्येक चाचणीला घाला, ती अंगणातली असली तरी. आणि चाचणी सार्वजनिक रस्त्यावर नको. एटीव्ही त्यासाठी बनलेली नाही आणि बहुतेक गाड्यांची तशी नोंदणीही नसते.

खर्चाचा क्रम लावायचा तर आधी टायरची हवा, फिल्टर आणि ब्रेक. मग बेल्ट, शू आणि रोलर मूळ अवस्थेत आणा. इतक्याने कित्येक गाड्यांची तक्रार संपते. संपली नाही तर एक ग्रॅम हलके रोलर, नंतर एक पायरी कडक काँट्रा, आणि सगळ्यात शेवटी शू-स्प्रिंगा. प्रत्येक बदलाची तारीख, वजन, स्प्रिंगेची पायरी आणि मोजलेला वेळ वहीत लिहा. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून नाव लिहून जपा. जो बदल मोजून फायद्याचा ठरला नाही, तो काढून मूळ भाग परत बसवा. दुरुस्तीचं हे काम नीट करणाऱ्या माणसाला तसं करताना कधी कमीपणा वाटत नाही, आणि गाडीही त्याच्याच हातात जास्त वर्षं टिकते.